१३ वर्षांनी व्हिनियर बदलताना

२०२३ च्या संक्रांतीला तिळाची वडी चावताना माझ्या वरच्या पटाशीच्या दातावरील व्हिनियरचा, म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेल्या पोर्सेलीनच्या पातळ कवचाचा, कोपरा तुटला. दुखले काहीच नाही, पण जिभेला ती कड सारखी लागू लागली, आणि आरशात निरखून पाहिल्यावर हिरडी थोडी वर सरकून तिथे तपकिरी रेघ उमटल्याचेही दिसले. समोरच्या सहा दातांवरचे हे व्हिनियर मी २०१० मध्ये बसवून घेतले होते. माझे बालपण यवतमाळ जिल्ह्यात गेले. तिथल्या अनेक गावांच्या बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि दात घडण्याच्या वयात ते पाणी पोटात गेले, की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या सर्वांत बाहेरच्या कठीण थरावर, कायमचे डाग पडतात. हे डाग घासून जात नाहीत, तरी ‘दात घासत जा’ हे वाक्य मी शाळेत असंख्य वेळा ऐकले.

पहिल्या दंतवैद्यांनी पाच मिनिटांत सांगितले, की सहाही दात कापून पूर्ण कॅप बसवू. मला ते पटेना, म्हणून मी एका प्रॉस्थोडॉन्टिस्ट (कॅप, व्हिनियर, कवळी अशा कामांच्या तज्ज्ञ) बाईंकडे गेले. त्यांनी प्रत्येक कड टोकदार सळईने तपासली, छोटे एक्स-रे काढले आणि मग समजावले, की व्हिनियरसाठी दाताचा पुढचा थर साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो, तर कॅपसाठी दात चारही बाजूंनी कापावा लागतो. घासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. व्हिनियर चिकटवणारे सिमेंट इनॅमलवर घट्ट बसते, त्याखालच्या डेंटिन या थरावर तितके भरवशाचे नसते, त्यामुळे आता किती इनॅमल उरले आहे यावरच सगळे ठरणार होते. ही गोष्ट २०१० मध्ये मला कोणीही सांगितली नव्हती, याचा राग मला आजही येतो.

चार पटाशीच्या दातांवरच्या व्हिनियरच्या कडा सुटून आत लाळ झिरपत होती आणि त्यांपैकी दोन दातांना आतून कीड लागली होती. दोन्ही सुळ्यांचे व्हिनियर मात्र शाबूत होते. सहाही बदलले असते तर मला अधिक पांढरी छटा निवडता आली असती, आणि तो मोह मला झाला. पण निरोगी सुळ्यांवरचे इनॅमल केवळ रंगासाठी गमवायचे नाही, असे ठरवून मी जुनीच ए-२ (दंतवैद्यांच्या रंगपट्टीवरची एक) छटा कायम ठेवली. दात कोरडे पडले की तात्पुरते पांढरे दिसतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, खिडकीतल्या उजेडात, ओल्या दातांवर छटा जुळवण्यात आली. त्याआधीचे तीन आठवडे हिरड्यांची सूज उतरवण्यात गेले.

व्हिनियर काढताना भूल दिलेली असल्याने त्रास झाला नाही, पण वेळ फार लागला. चिकटवलेले पोर्सेलीन अखंड निघत नाही. त्यावर हिऱ्याच्या बरने (गरगर फिरणाऱ्या बारीक टोकाने) चरे पाडून ते तुकड्यातुकड्यांनी सोडवावे लागते. पोर्सेलीन, सिमेंट आणि दात यांचे रंग इतके सारखे असतात, की डॉक्टर भिंगातून पाहत दर काही क्षणांनी थांबून दात वाळवत होत्या. शेवटी त्यांनी आरसा दिला. १३ वर्षांनी मी माझे खरे दात पाहिले, तेच तपकिरी पट्टे, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. इनॅमल बहुतेक ठिकाणी शिल्लक होते. फक्त एका दाताच्या मुळाशी पिवळसर डेंटिन उघडे पडले होते.

कीड साफ करून भरल्यावर दोन आठवड्यांसाठी तात्पुरती कवचे बसवली. मी मराठी शिकवते. पहिल्याच तासाला ‘वसंत’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर रुतू लागले, कारण ‘व’ आणि ‘फ’ उच्चारताना दात व ओठ जवळ येतात. मी हे सांगितल्यावर डॉक्टरांनी कवचांची लांबी किंचित कमी केली आणि तेच माप लॅबला पाठवले. तात्पुरत्या कवचांनी दिवसभर बोलून, जेवून पाहावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

चिकटवण्याच्या दिवशी दातांभोवती रबराचा पातळ पडदा ताणला, कारण लाळेचा थेंबही चालत नाही. सिमेंट नीट धरावे म्हणून आधी आम्लाच्या जेलने इनॅमल किंचित खरखरीत करतात. फ्लोराइडमुळे बदललेले इनॅमल आम्लाला सहज दाद देत नाही, म्हणून ते जेल नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवले. आधी मधले दोन, मग बाजूचे दोन, असे एकेक कवच बसवून निळ्या प्रकाशाने पक्के केले.

“ताई, तुम्ही झोपेत दात खाता का?” असे डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच विचारले होते. दातांच्या झिजलेल्या कडांवरून त्यांनी ते ओळखले होते, आणि आता मी रोज रात्री नाईट गार्ड (दातांचे घर्षण टाळणारे आवरण) लावते. २०१० च्या कामाचा एकही कागद माझ्याकडे नसल्याने त्यांना बरेच अंदाजाने करावे लागले होते. या वेळी मी पोर्सेलीनचा प्रकार, छटा, तारीख, एक्स-रे आणि उघड्या दातांची छायाचित्रे असे सगळे मागून घेतले, आणि कोणत्या दाताच्या मुळाशी डेंटिन उघडे आहे हेही त्या कागदांवर लिहून घेतले.