आल्डिफ्लुओर: आधी डीईएबीची नळी बघा

कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींमधून कॅन्सर स्टेम सेल (नवी गाठ उभी करू शकणाऱ्या पेशी) वेगळ्या काढायला आल्डिफ्लुओर हे पेशी रंगवायचं किट सर्रास वापरतात. बोडिपी हा चमकणारा रंग जोडलेला अमिनोअ‍ॅसिटाल्डिहाइडचा रेणू पेशीत आपसूक शिरतो. एएलडीएच हे एन्झाइम त्याचं आम्ल करतं, त्यावर ऋण भार येतो आणि मग तो सहजी बाहेर पडत नाही. पण हा रेणू आधीही हिरवा चमकतो आणि नंतरही. म्हणजे हिरवी झाक सगळ्याच पेशींत असते, फरक फक्त कुठे किती साठलं एवढाच. म्हणून एएलडीएच रोखणाऱ्या डीईएबीची नळी सोबत नसेल, तर फ्लो सायटोमीटरचा (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख कितीही देखणा दिसो, त्याला अर्थ नाही.

किटमधली रंगाची कोरडी पावडर नारिंगी-लाल असते. तीत २५ मायक्रोलिटर डीएमएसओ हे द्रावक घातलं की पिवळसर हिरवा रंग येतो. मग २५ मायक्रोलिटर २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, १५ मिनिटं खोलीच्या तापमानाला, आणि शेवटी ३६० मायक्रोलिटर किटचं बफर. उरलेलं छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर.

पेशी गाळणीतून काढून बफरमध्ये मिलिलिटरला १० लाख घ्या. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेच्या, नळीत ५ मायक्रोलिटर डीईएबी आधीच घालून झाकण लावा. ते अल्कोहोलमध्ये असतं, उघडं राहिलं तर उडतं. आता पेशींच्या १ मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर रंग घाला, ढवळा, आणि लगेच त्यातले अर्धा मिलिलिटर डीईएबीच्या नळीत टाका. हे ‘लगेच’ अक्षरशः घ्यायचं. रंग पडल्या क्षणापासून एन्झाइम कामाला लागतं आणि तयार झालेलं आम्ल डीईएबी परत फिरवू शकत नाही. चहा घेऊन आल्यावर ओतलेली नळी कंट्रोल म्हणून बाद. दोन्ही नळ्या ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं. नेमका वेळ प्रत्येक पेशीप्रकारासाठी एकदा तपासून ठरवावा.

यानंतरची नेहमीची चूक म्हणजे सवयीने पीबीएसने (नेहमीच्या खारट बफरने) धुणं. पेशीच्या आवरणातले एबीसी पंप आम्ल बाहेर फेकतात. त्यांना अडवणारी द्रव्यं किटच्या बफरमध्ये असतात, पीबीएसमध्ये नसतात. म्हणून शेवटपर्यंत तेच बफर, बर्फावर. अँटिबॉडी लावायची असली तरी त्यातच.

डीईएबीची नळीही उजळ दिसली तर बहुधा एन्झाइम फार आहे किंवा डीईएबी उडून गेलंय. पेशी कमी करून, नवीन डीईएबी घेऊन बघा. उलट दोन्ही नळ्या मंद असतील तर पेशी जास्त झाल्या असतील, रंग वाटून संपतो. एसकेबीआर३ पेशी (एएलडीएच भरपूर असलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी) बरोबर चालवल्या की दोष किटचा की नमुन्याचा ते कळतं. मेलेल्या पेशी आणि एकमेकींना चिकटलेल्या जोड्या गेट (आलेखावर उजळ गटाची हद्द) लावण्याआधी वगळा. मेलेल्या ओळखायला डीएपीआय हा निळा रंग सोयीचा, कारण तो हिरव्या चॅनलमध्ये लुडबुड करत नाही.

पेशींत आधीच जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन असेल तर हे जमणारच नाही. तिथे लाल चमकणारं आल्डरेड घ्यावं. आल्डिसेन्स हा प्रोब मुळात विझलेला असतो आणि एएलडीएच१ए१ हा एएलडीएचचा एकच प्रकार भेटल्यावर पेटतो, त्यामुळे पार्श्वभूमीची कटकट बरीच कमी. आल्डिफ्लुओर मात्र एएलडीएचच्या अनेक प्रकारांना उजळतो. यकृताच्या निरोगी पेशींतही हे एन्झाइम भरपूर असतं, तेव्हा उजळ पेशीला लगेच ‘स्टेम सेल’ म्हणू नये. उजळ आणि मंद, दोन्ही गट वेगळे काढून उंदरांत उतरत्या संख्येने टोचले आणि उजळ गटाने कमी पेशींत गाठ उभी केली, तरच ते नाव द्यावं.