ईलाय मॅनिंग: हाताचं किती, नशिबाचं किती

११७ विजय, ११७ पराभव. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये न्यू यॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, म्हणून नियमित हंगामात २३४ सामने सुरुवातीपासून खेळलेल्या ईलाय मॅनिंगचा हिशोब बरोबर निम्म्यावर येऊन थांबतो. याच माणसाच्या नावावर जिंकलेले दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, आहेत. दोन्हींत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दोन्ही वेळा समोर क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे न्यू इंग्लंड पॅट्रियट्स होते. २०२५ मध्ये तो थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेमसाठी पहिल्यांदा पात्र झाला, पण निवड झाली नाही. तेव्हापासून जुनं भांडण पुन्हा जोरात आहे: हा माणूस खरोखर चांगला होता, की नुसता नशीबवान?

भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक सहसा निकालावरून बोलतात. एकाला दोन ट्रॉफ्या दिसतात, दुसऱ्याला त्यातल्या आधीच्या अंतिम सामन्यात रिसीव्हर (पास झेलणारा) डेव्हिड टायरीच्या हेल्मेटला चिकटलेला चेंडू. मला वाटतं, मोजायचं तर एकेक पास मोजायला हवा. क्वार्टरबॅकच्या ताब्यातली गोष्ट तेवढीच. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू हातात येऊन खेळ सुरू झाल्यावर, त्याला साधारण अडीच-तीन सेकंद मिळतात. त्याआधी सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) किती मागे उभे आहेत, कॉर्नर (रिसीव्हरसमोरचा बचावपटू) कुठल्या खांद्यावर आहे, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा माणसांचा हल्ला) कुठून येईल हे ओळखायचं, मग रिसीव्हर निवडायचा, पाय जमवायचे आणि चेंडू सोडायचा. चेंडू सुटला की पुढचं सगळं दुसऱ्यांच्या हातात. झेल रिसीव्हरचा, सुटलेला झेल बचावपटूचा, फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेला चेंडू, किकरचा. फंबल, म्हणजे हातातून सुटून जमिनीवर पडलेला चेंडू, कोणाच्या हाती लागेल, हे तर जवळपास नाणेफेकीसारखं.

एक पास हिशोब किती हलवतो ते बघू. पासर रेटिंगचं, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पासांना मिळणाऱ्या गुणांकाचं, गणित कागदावर करता येतं. पूर्ण झालेल्या पासांचं प्रमाण घ्या, त्यातून ०.३ वजा करून ५ ने गुणा. दर पासमागचे यार्ड घ्या, ३ वजा करून ०.२५ ने गुणा. टचडाउन (प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार गेलेले पास) भागिले पास, गुणिले २०. शेवटी २.३७५ मधून इंटरसेप्शनचं, म्हणजे बचावपटूने झेललेल्या पासांचं, प्रमाण गुणिले २५ वजा करा. चारही आकडे ० ते २.३७५ च्या मध्येच ठेवायचे, बेरीज करून ६ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं.

सुपर बोल ४२ मध्ये, म्हणजे ३ फेब्रुवारी २००८ ला, ईलायचे आकडे होते ३४ पैकी १९ पास, २५५ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. चार भाग येतात १.२९४, १.१२५, १.१७६ आणि १.६४०. रेटिंग ८७.३. आता त्यातलं ते एक इंटरसेप्शन बघा. पास जायंट्सचा रिसीव्हर स्टीव्ह स्मिथच्या हातांना लागून उडाला आणि पॅट्रियट्सच्या एलिस हॉब्जला मिळाला. फेक ठीक होती, वहीत मात्र खापर क्वार्टरबॅकच्या डोक्यावर. उलट बाजूला, शेवटच्या दीड मिनिटात पॅट्रियट्सच्याच असांते सॅम्युएलच्या बोटांना लागून एक पास बाहेर गेला. तो त्याने धरला असता तर सामना जवळपास तिथेच संपला असता. वहीत त्याची नोंद साधा अपूर्ण पास. बाकी सगळं तसंच ठेवून तो एक पास इंटरसेप्शन धरला तर चौथा भाग ०.९०४ वर येतो आणि रेटिंग ८७.३ वरून ७५.० वर. बोटभर अंतराने बारा गुण. एका सामन्याच्या रेटिंगवरून कोणी ठाम बोलत असेल तर त्याला हे गणित करायला सांगावं.

म्हणून इंटरसेप्शन मोजताना आधी ती वेगळी करावी लागतात. सरळ चुकीचं वाचन, म्हणजे झोन बचावात (माणसाऐवजी जागा राखणाऱ्या बचावात) मधल्या फळीतला लाइनबॅकर दिसलाच नाही. मग चुकलेली फेक: वाचन बरोबर, पण मागचा पाय नीट रोवला नाही म्हणून चेंडू उंच गेला. रेषेवरच्या बचावपटूच्या हाताला लागून उडालेला चेंडू. रिसीव्हरच्या हातातून निसटलेला. आणि पूर्वार्ध संपताना उंच फेकलेला, ज्याचं काही झालं तरी फरक पडत नाही असा. पहिले दोन क्वार्टरबॅकचे, पुढचे बहुतेक नशिबाचे. याला जोडून बचावपटूंनी सोडलेले झेलही मोजायचे, नाहीतर हिशोब एकाच बाजूने झुकतो. टीव्हीवरच्या चित्रात हे धड दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे पळतो. मैदानावरचे बावीसही खेळाडू दाखवणारं ऑल-ट्वेंटीटू चित्रण लावून पास सुटण्याच्या क्षणी थांबवायचं, आणि दुसरा कोण मोकळा होता ते बघायचं.

ईलायच्या बाबतीत असं वेगळं केलं तरी चित्र फार गोड होत नाही. २०१० मध्ये २५ इंटरसेप्शन, २०१३ मध्ये २७. पहिल्या हंगामातली बरीचशी रिसीव्हरच्या हातांवरून उडालेली होती हे खरं, पण २०१३ ची सबब कमी पडते. त्याला एक खोड होती: अंगावर माणूस येत असताना मागच्या पायावरून, रिसीव्हर तिथे पोहोचेलच या भरवशावर चेंडू सोडायचा. पोहोचला तर सुंदर, नाही पोहोचला तर सेफ्टीच्या पोटात.

‘मोठ्या सामन्यात तो वेगळाच माणूस असायचा’ हा दावाही तपासून घेऊ. जिंकलेल्या दोन मोहिमांत, म्हणजे २००७ आणि २०११ च्या हंगामांनंतरच्या आठ प्लेऑफ (बाद फेरीच्या) सामन्यांत, त्याने २८२ पास फेकले, १५ टचडाउन केले आणि इंटरसेप्शन फक्त २. कारकिर्दीत त्याची ८,११९ पासांत २४४ इंटरसेप्शन आहेत, म्हणजे ३ टक्के. त्या दराने २८२ पासांत आठ-नऊ यायला हवी होती. निव्वळ योगायोगाने दोनच येण्याची शक्यता शंभरात एखादी. झालं की सिद्ध?

नाही झालं. हे आठ सामने आपण जिंकले म्हणून निवडले, आणि इंटरसेप्शन झाली की सामने हरतात. गाळणी आधीच लावलेली आहे. उरलेले चार प्लेऑफ सामने घ्या, जे तो हरला: कॅरोलायनाविरुद्ध, फिलाडेल्फियाविरुद्ध दोनदा, ग्रीन बेविरुद्ध. तिथे ११८ पासांत ७ इंटरसेप्शन. बारा सामने एकत्र केले की ४०० पासांत ९ होतात. नेहमीच्या दराने १२ झाली असती. तीनचा फरक एका ओल्या संध्याकाळीही पडतो. दबावात तो वेगळाच व्हायचा, याला आकड्यांचा आधार नाही. ‘क्लच’ (दबावात चमकणारा) हा शब्द मी या वादातून काढूनच टाकेन.

मग नशिबाची बाजू जिंकली का? तेही नाही, आणि इथे २०११ चा नियमित हंगाम फार महत्त्वाचा आहे. ट्रॉफीच्या झगमगाटात तो झाकला जातो. त्या वर्षी जायंट्सचं धावण्याचं आक्रमण संपूर्ण लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर होतं. संघाने ३९४ गुण केले आणि ४०० दिले. केलेल्यापेक्षा दिलेले गुण जास्त असून सुपर बोल जिंकणारा तो पहिला संघ. धावत नाही म्हटल्यावर बचाव फळी पासची वाट बघत बसते, आणि तशा स्थितीत ईलायने ५८९ पासांत ४,९३३ यार्ड काढले. दर पासमागे जवळपास ८.४, जिथे त्याची कारकिर्दीची सरासरी ७ च्या आसपास आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये १५ टचडाउन पास, तो तेव्हाचा विक्रम. पाचशे एकोणनव्वद वेळा नाणं एकाच बाजूने पडत नाही. रिसीव्हर व्हिक्टर क्रूझ आणि हकीम निक्स यांचा वाटा त्यात मोठा आहे, पण त्यांच्या धावेच्या वळणाआधी चेंडू सोडायचा होता तो यानेच.

त्याच हंगामातला, जानेवारी २०१२ चा सॅन फ्रान्सिस्कोतला प्लेऑफ सामना या वादाचा खरा नमुना. नशीब हवं तर भरपूर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कायल विल्यम्सच्या गुडघ्याला पंटचा (ताबा सोडताना लाथेने उडवलेला) चेंडू निसटता लागला आणि जायंट्सला २९ यार्डांच्या रेषेवर ताबा मिळाला. जादा वेळेत पुन्हा त्याच्याच हातून चेंडू सुटला आणि जायंट्सचा किकर टाइन्सने फील्ड गोल मारला, २०-१७. एक हातात आलेलं इंटरसेप्शन तर सॅन फ्रान्सिस्कोच्या दोघांनी एकमेकांवर आदळून घालवलं. यातलं काहीच ईलायने केलं नाही. पण त्या दिवशी ५८ पास, सहा वेळा सॅक (चेंडू हातात असतानाच पाडलं जाणं), प्रत्येक दुसऱ्या स्नॅपला कोणीतरी फासळ्यांत घुसतंय, आणि इंटरसेप्शन शून्य. पहिल्या फंबलनंतरही टचडाउन आयता मिळाला नव्हता. तिसरा डाउन (चार प्रयत्नांपैकी तिसरा), १५ यार्ड हवे, आणि रिसीव्हर मॅनिंगहॅमला १७ यार्डांचा पास. ताबा नशिबाने दिला, टचडाउन फेकून घ्यावा लागला.

सुपर बोल ४२ मधल्या टायरीच्या झेलाचंही असंच उलगडून बघावं. तिसरा डाउन, ५ यार्ड, घड्याळात १:१५, धावफलकावर १०-१४. पॅट्रियट्सच्या जार्व्हिस ग्रीन आणि रिचर्ड सीमोर यांच्या मुठीत ईलायची जर्सी ताणली गेली आहे. क्वार्टरबॅक पूर्ण पकडीत आला असं वाटलं तर पंच शिट्टी वाजवून खेळ थांबवू शकतात. वाजली नाही, हे नशीब. पण जर्सी ओढली जात असताना चेंडू छातीशी धरून ठेवणं, सुटल्यावर मागे सरकून पाय पुन्हा खाली आणणं आणि नजर वर ठेवणं ही सवय सरावाची. तिथे बहुतेक जण डोकं खाली घालून पळतात. पुढची फेक मात्र, उशिरा आणि मैदानाच्या मधोमध, कुठलाही प्रशिक्षक शिकवणार नाही अशी. आणि झेल सर्वस्वी टायरीचा. आख्ख्या हंगामात चार झेल घेतलेल्या माणसाने, बचावपटू रॉडनी हॅरिसन हात ओढत असताना, चेंडू हेल्मेटवर दाबून धरला. ३२ यार्ड. त्यानंतरचा प्लॅक्सिको बरेसचा टचडाउन लोक विसरतात: पॅट्रियट्सने ब्लिट्झ सोडला, हॉब्ज एकटा पडला, ईलायने ते ओळखून चेंडू लगेच कोपऱ्यात टाकला. माझ्या मते त्या मोहिमेतली सगळ्यात शुद्ध कसब तिथे आहे.

माझं म्हणणं असं, की त्याची २४४ इंटरसेप्शन आणि त्याच्या दोन ट्रॉफ्या एकाच खोडीतून आल्या. फटका बसणार हे माहीत असून पॉकेटमध्ये (आपल्या रक्षकांच्या कड्यात) उभं राहायचं आणि अरुंद फटीत लांब चेंडू टाकायचा. अशा माणसाचे निकाल वर-खाली फार होतात. सुपर बोल ४२ आधीच्या पॅट्रियट्ससारख्या, १८-० अशा अपराजित आणि सट्टेबाजारात जवळपास १२ गुणांनी पुढे धरलेल्या संघासमोर सांभाळून खेळणारा क्वार्टरबॅक सभ्यपणे हरतो. दुबळ्या संघाला निकालांची हीच उलथापालथ हवी असते. ती कुठल्या दिवशी कुठल्या बाजूला पडेल हे नशीब, पण ती आणणारा स्वभाव त्याचा होता. त्या दिवशी जायंट्सच्या बचाव फळीने ब्रेडीला पाच वेळा सॅक करून पॅट्रियट्सना १४ गुणांवर रोखलं, तेही या हिशोबातून वगळता येणार नाही.

क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्सचं नाव इथे निघतंच. २००४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दोघांची अदलाबदल झाली. रिव्हर्सचे २०२० च्या हंगामापर्यंतचे टचडाउन ४२१, ईलायचे ३६६. इंटरसेप्शन २०९ विरुद्ध २४४. सगळ्या आकड्यांत रिव्हर्स पुढे, आणि सुपर बोल एकही नाही. ट्रॉफ्या मोजून क्वार्टरबॅक तोलू नयेत, याला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आणि तरीही ईलायला नुसता नशीबवान म्हणणाऱ्यांना एकच फेक दाखवावी. सुपर बोल ४६, ३:४६ बाकी, चेंडू स्वतःच्या १२ यार्डांवर, जायंट्स १५-१७ ने मागे. पॅट्रियट्सचं सगळं लक्ष क्रूझ आणि निक्सवर. दोन सेफ्टी मागे, कॉर्नर पुढे. अशा बचावात कडेच्या रेषेजवळ, कॉर्नरच्या मागे आणि सेफ्टीच्या पुढे एक खिडकी उघडते आणि लगेच मिटते. ईलाय आधी उजवीकडे बघतो, मग डावीकडे वळून चेंडू सोडतो. आत पडला तर पॅट्रियट्सचा सेफ्टी पॅट्रिक चंगचा, बाहेर पडला तर प्रेक्षकांचा. तो मॅनिंगहॅमच्या बाहेरच्या खांद्यावरून येतो, दोन्ही पाय रेषेच्या आत टेकतात, ३८ यार्ड. पॅट्रियट्सचा प्रशिक्षक बेलिचिकने आव्हान दिलं, पंचांनी पुन्हा पाहिलं, झेल कायम राहिला, आणि पॅट्रियट्सचा एक टाइमआउटही गेला.