आमची वाटचाल : इतवारीचा काटा आणि विमानाचा पंख

आमच्याकडे फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘जुन्या छोट्या विमानाच्या पंखाचं वजन साधारण किती धरायचं?’ मी म्हणतो, धरू नका. घेऊन या, नाहीतर आम्ही काटे घेऊन येतो.

आमचं मूळ दुकान नागपूरच्या इतवारीत, काटेदुरुस्तीचं. आजोबांनी शेर-मणाची वजनं पाहिली, १९५६च्या कायद्यानंतर किलो आले तेव्हा दुकानांतले काटे बदलून दिले. वडिलांनी मुद्रांकनाच्या, म्हणजे काट्यांवर सरकारी शिक्का मारून घेण्याच्या, रांगा सांभाळल्या. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की घर चाललं. विमानाशी आमचा संबंध म्हणजे आजोबांची एक आठवण. १९४९ साली रात्रीची हवाई डाक सुरू झाली आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, येऊन गोण्यांची अदलाबदल करू लागली. आजोबा ती बघायला सायकलवर जायचे.

पंख आमच्या दारात आणला तो कॅप्टनसाहेबांनी. नाव छापू नका म्हणाले, म्हणून नाही छापत. त्यांच्याकडे पुष्पक विमानाच्या पंखांची एक जोडी होती. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. भरल्या विमानाचं कमाल वजन ६१२ किलो. एकट्या पंखाचा आकडा मात्र त्यांच्या हातातल्या कागदांत कुठेच नव्हता.

आम्ही दोन प्लॅटफॉर्म काटे पाच मीटर अंतरावर ठेवले. एकावर पंखाचं मूळ, म्हणजे धडाला जोडायची बाजू, दुसऱ्यावर टोक, खाली लाकडी ठोकळे. एलरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी, काढलेला. उजवा पंख मुळाकडे २४, टोकाकडे १३, म्हणजे ३७ किलो. १३ला ३७ने भागून पाचाने गुणा, तोल मुळापासून पावणेदोन मीटरवर सापडतो. उचलणाऱ्या दोन पोट्ट्यांनी कुठे उभं राहायचं ते यावरून ठरतं. डावा पंख भरला ४३. कॅप्टनसाहेब म्हणाले, काटा तपासा. मी काटे अदलाबदल करून परत ठेवला. ४३च.

पंखावर मढवायचं कोरं सुती कापड एका पंखाच्या दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम सव्वादोन किलो. वजन वाढतं ते डोपने, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लेपाने, त्यावरच्या रुपेरी रंगाच्या हाताने आणि जुनं न खरवडता मारलेल्या रंगाने. शिवाय पंखाच्या आतलं लाकूड पाणी पितं. १२ टक्के ओलाव्याला सहा किलो भरणारी स्प्रूस लाकडाची दांडी, म्हणजे पंखाचा लांबीभर कणा, २० टक्क्यांवर चारशे ग्रॅमने जड होते. कॅप्टनसाहेबांनी त्यांच्या इंजिनिअरकडून कापड उघडवलं. आत रंगाचे थरावर थर, मुळाशी उंदराचं ओलं घरटं आणि त्याखाली दांडी नखाने खरवडता येईल इतकी मऊ. त्या दिवसापासून ते आमचे. (विमान दुरुस्त करायचं लायसन आमच्याकडे नाही, कधी सांगितलंही नाही. आम्ही तोलतो, ठेवतो, हलवतो.)

मग स्टँड बनवायला लागलो आणि तिथेच बुडालो असतो. शहराबाहेरच्या एका संस्थेला पंख ठेवायचा स्टँड दिला. बॉक्स पाइप, खाली फिरती चाकं म्हणजे कॅस्टर, पंखाच्या तिप्पट वजनाला तपासलेला. मे महिन्यातली संध्याकाळ. त्यांनी स्टँड शेडच्या दारात आणून ठेवला आणि शटर उघडं टाकलं. वादळ आलं. आठ चौरस मीटरचा पंख उभा असला की ताशी ४० किलोमीटरचा वारासुद्धा त्याला साठ किलोच्या आसपास जोर लावतो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. स्टँड आडवा झाला, दांडी तडकली.

मी वाऱ्याचा हिशोब केला नव्हता, ही माझी चूक, लिहून देतो. पण कॅस्टरचे ब्रेक लावले होते का, हे त्यांच्या बैठकीत कोणीच विचारलं नाही. एक लाख ऐंशी हजारांचं बिल अडकलं, ते आजही अडकलेलंच आहे. हिंगण्याकडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने महिन्याभरात तिथेच होस्टेलच्या पलंगासारखे रॅक विकले, पंख आडवे, एकावर एक. वरून सांगत फिरला, ‘इतवारीचे काटेवाले ते, त्यांना पंखातलं काय समजून राहिलं?’ त्या वर्षी दोन कारागीर सोडले, घरातलं सोनं ठेवलं.

कॅप्टनसाहेब आले, ओसरीवर बसले, म्हणाले, ‘दोन स्टँड पाहिजेत. पैसे आत्ता घ्या.’ मी म्हटलं, साहेब, पडला तर? म्हणाले, ‘तर तुला उचलायला बोलावीन.’

त्या दोन स्टँडला पाया दुप्पट रुंद केला, वाळूच्या पोत्यांना जागा ठेवली, आणि उभा केल्यावर चाकं जमिनीवरून सुटतील असे स्क्रूचे पाय दिले. पंखाची पुढची कड खाली, खाटेच्या रुंद सुती नवारीच्या झोळीत. झोळी नेमकी रिबखाली, म्हणजे पंखाच्या आतल्या आडव्या फासळीखाली, येईल अशी बांधायची, दोन रिबांच्या मध्ये नाही. नायलॉनची दोरी तर चुकूनही नको. प्लास्टिक झाकू नका, आपल्याकडच्या जुलैत आत घाम धरतो. जुन्या चादरी बऱ्या. पावसाळ्याआधी एकदा तोला, दिवाळीला परत तोला, आकडा मुळाशी चिठ्ठीवर लिहून बांधा. किलोभर फरक दिसला तर कापडाला कान लावा, उंदीर असेल.

मागच्या महिन्यात तोच हिंगण्याचा माणूस टेम्पोत पंख घालून आला. रॅकवर खालचा होता तो, रिबा दबलेल्या. गिऱ्हाईक लेखी वजन मागत होतं म्हणे. दोन्ही काट्यांवरचा यंदाचा शिक्का आधी दाखवला, मग तोलून दिलं. चहा पाजला. पैसे पूर्ण घेतले, पावतीवर नाव स्पष्ट अक्षरात लिहिलं.