पुढील निर्णयापर्यंत

चर्चच्या पाळकाचं निम्मं काम वह्यांमध्ये असतं, हे मंडळीतल्या लोकांनाही फारसं माहीत नसतं. बाप्तिस्म्याचं रजिस्टर, विवाहाचं, दफनाचं, पूर्ण सभासदांची यादी, प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या पवित्र विधीला, बसणाऱ्यांची यादी, कमिटीच्या सभांचं इतिवृत्त. वार्षिक सभा जवळ आली की सभासदांची यादी ‘दुरुस्त’ करायला काढतात. दुरुस्ती म्हणजे वारलेल्यांची, दुसरीकडे बदलून गेलेल्यांची आणि येणं बंद केलेल्यांची नावं कमी करायची. पहिल्या दोघांबद्दल माझं काही म्हणणं नाही. येणं बंद केलेल्यांची यादी मात्र वर्गणीच्या वहीवरून काढतात, आणि हे मला कधीच पटलेलं नाही. वर्गणी थकली म्हणजे माणूस देवापासून दुरावला, हा हिशोब पवित्र शास्त्रात कुठे बसतो ते मला कुणीतरी दाखवावं. नेमाने वर्गणी भरून मनाने कोसभर लांब गेलेली माणसं मी पाहिली आहेत. ती या यादीत कधीच येत नाहीत.

नाव कमी करण्याआधी पाळकाने एकदा जाऊन भेटावं असा नियम आहे. ही भेट बहुतेक वेळा उरकली जाते. मला ती उरकता येत नाही. आधी फोन करून गेलं तर माणूस घरी नसतो, म्हणून मी न कळवता जातो. पहिल्या भेटीला हातात शास्त्र धरत नाही, पिशवीत ठेवतो. नाहीतर दार उघडणाऱ्याला माझ्याआधी माझं प्रवचन दिसतं. दार वाजवलं की दोन पावलं मागे सरकून उभं राहायचं, म्हणजे त्याला दार लावून घेण्याची मोकळीक राहते. आणि एक वाक्य कधीही म्हणायचं नाही: ‘बरेच दिवस दिसला नाहीत.’ आम्ही मंडळीतली माणसं हे वाक्य प्रेमाने म्हणतो आणि समोरच्याला ते हजेरी घेतल्यासारखं लागतं. तरुण पाळकांना हे कुणी शिकवत नाही. त्यांना बायबलातलं रोमकरांस पत्र शिकवतात, दारात कसं उभं राहायचं ते शिकवत नाहीत.

या वर्षीच्या यादीत एक नाव होतं, त्यापुढे पेन्सिलीने फक्त ‘जुनी बाब’ असं लिहिलेलं. मी इथे बदलून आलो त्याच्या फार आधीची गोष्ट असणार. कुणाला विचारावं तर जो तो विषय बदलायचा. म्हणून भेटीच्या आदल्या रात्री जुनी इतिवृत्तं घेऊन बसलो.

नोंद सापडली. हे गृहस्थ मंडळीचे खजिनदार होते. इमारत निधीतून त्यांनी पैसे उचलले, बरेच महिने लपवले आणि तपासणी जवळ आली तेव्हा स्वतः येऊन कबूल केलं. कमिटीने हप्ते बांधून दिले. शेवटी ठराव होता: ‘सदर बंधूंना पुढील निर्णयापर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवण्यात यावे.’ अक्षर सुरेख, ठसठशीत. ओळखीचं. आमच्या आजच्या चिटणिसांचंच.

मग मी तो पुढील निर्णय शोधू लागलो. एक सभा, दुसरी सभा, एक वही संपली, दुसरी काढली. रंगकाम आहे. पंखे आहेत. एका सभेत सतरंज्यांवर दोन पानं चर्चा आहे. हप्ते जमा झाल्याच्या नोंदी आहेत, अगदी शेवटचा हप्ता आणि ‘पूर्ण फेड’ हेसुद्धा आहे. निर्णय नाही. त्या माणसाचं नाव कुणी पुन्हा विषयपत्रिकेवर घेतलंच नाही. शिक्षा दिली, ती कधी संपते ते ठरवलं नाही, आणि मग माणूस येत नाही म्हणून तोच भटकलेला ठरला.

मला राग आला तो शिस्तीचा नाही. मंडळीला शिस्त लागते. कमिट्या नेहमी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 18 व्या अध्यायाचा आधार घेतात: भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जा, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. हा 15 ते 17 या ओव्यांचा भाग सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच्या लगेच आधी, 12 ते 14 मध्ये, शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि या लहानांपैकी एकाचाही नाश व्हावा अशी स्वर्गातल्या पित्याची इच्छा नाही, असं स्पष्ट वचन आहे. थोडं पुढे येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा का? शिस्तीचा नियम या दोन्हींच्या मधोमध ठेवला आहे. आम्ही तो कापून बाहेर काढतो. न ऐकणारा तुला जकातदारासारखा, म्हणजे वाळीत टाकल्यासारखा, होवो, असं तिथे म्हटलंय हे खरं. पण ते लिहिणारा मत्तय परंपरेप्रमाणे स्वतः जकातदार होता, नाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला हाक मारली होती आणि मग त्याच्या घरी पंगतीला बसला होता. प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सरळ सांगतो की बहुतेकांनी दिलेली शिक्षा त्या माणसाला पुरे झाली, आता क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो अति दुःखात बुडून जाईल. ‘पुरे’ म्हणणंही मंडळीचंच काम आहे. ते करायला कुणी बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. दार वाजवलं, मागे सरकलो. दार उघडणारा माणूस म्हातारा होता, पाठ ताठ. मी नाव सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “शोधायला आलात की नाव खोडायला?”

“नाव खोडायला पाठवलंय काका,” मी म्हटलं, “पण मी शोधायला आलोय.”

ते बाजूला झाले. मी आत गेलो.

पहिला बराच वेळ ते पैशाबद्दलच बोलले. मी विचारलं नव्हतं. आत जाऊन प्लास्टिकची पिशवी आणली आणि पावत्या एकेक करून मांडल्या, तारखेप्रमाणे, कोपरे सरळ करत. काहींवरची शाई उडाली होती, त्यावर त्यांनी पुन्हा पेनाने आकडे गिरवले होते. एका हप्त्याला उशीर झाला होता, त्या पावतीच्या मागे कारण लिहून ठेवलं होतं. कुणी विचारलं तर हाताशी असावं म्हणून. विचारायला कुणी आलं नाही.

मी होशेय संदेष्ट्याची गोष्ट काढली. घर सोडून गेलेल्या बायकोवर पुन्हा प्रीती कर, असं देव त्याला सांगतो. तो जातो आणि पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमर जव देऊन तिला परत आणतो. त्या गोष्टीत किंमत गेलेलीने भरलेली नाही, शोधायला गेलेल्याने भरली आहे. काकांनी पावत्यांवरचा हात काढला नाही. “मी माझी भरली,” म्हणाले. मी म्हटलं, “मंडळीची भरलीत. देवाची तुम्हाला भरता येणार नव्हती, ती त्यानेच भरली.” यावर ते काही बोलले नाहीत.

मग काकूंचा विषय निघाला. काकू शेवटपर्यंत उपासनेला जात असत. घरी आल्या की काकांना प्रवचन सांगत. कुठला उतारा, पाळक काय बोलले, कुठे अडखळले. “मी ऐकत नाही असं दाखवायचो. खुर्ची फिरवून बसायचो. ती पाठीला सांगायची,” काका म्हणाले. काकू गेल्या. दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर, ते म्हणाले, मनात कुठेतरी असंही आलं की आता सुटलो, आता या घरात कुणी देवाचं नाव काढणार नाही. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या वेळेला ते आपोआप उठून उभे राहिले. का उभे राहिलो ते त्यांनाही कळलं नाही. उभं राहिल्यावर काय करायचं म्हणून मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हणायची ठरलेल्या शब्दांतली विश्वासाची कबुली, म्हटला. पुढच्या रविवारी ठरवून झोपून राहिले, तरी वेळ झाल्याबरोबर जाग आली.

“तुम्ही लोकांनी मला सोडलं, मी त्याला सोडलं,” ते म्हणाले, “पण तो हात धुऊन माझ्या मागे लागलाय. मला कंटाळा आलाय त्याचा, पाळकसाहेब.”

आणि हे म्हणताना त्यांचे डोळे भरले होते.

देवाच्या प्रीतीवर मी पुष्कळ बोललो आहे. ते माझं कामच आहे. पण तिला कंटाळलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला, आणि त्याच्याइतकी ती कुणी ओळखली असेल असं मला वाटत नाही. शास्त्रात याला साक्षी आहेत. एदेन बागेत मनुष्य झाडांत लपला तेव्हा ‘तू कोठे आहेस?’ हे विचारत देव आला. लपलेल्याने हाक मारली नव्हती. 139 वं स्तोत्र लिहिणारा विचारतो, तुझ्यापासून मी कुठे पळू, अधोलोकात अंथरूण केलं तरी तू तिथे आहेसच. ते स्तोत्र आपण दिलासा म्हणून वाचतो. काकांच्या समोर बसून मला त्यातली पळून पळून दमलेल्याची धाप ऐकू आली.

निघताना मी म्हटलं, मतांगीकार एकदा बरोबर म्हणूया का. नको म्हणाले. मग दारात येऊन सांगितलं की ते सगळा म्हणतात, फक्त ‘पापांची क्षमा’ एवढं सोडून पुढे जातात. “ते तुमच्या वहीत आल्याशिवाय माझ्या तोंडात येत नाही.”

माझ्या वहीत! देव ज्या घरात दर रविवारी येऊन उभा राहतो, तिथे आमच्या एका अर्ध्या राहिलेल्या ठरावाने दार अडवून धरलं होतं.

संध्याकाळी कमिटी होती. मी नाव कमी करण्याचा विषय वगळून शिस्त उठवण्याचा ठराव मांडला. आधी सगळे गप्प. मग एकजण म्हणाले, पैशाची थैली येशूला दगा देणाऱ्या यहूदाकडेही होती. मी म्हटलं, होती, त्यातलं तो चोरत होता हेही योहानाने लिहिलंय, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने स्वतःच्या हाताने घास बुडवून त्यालाच दिला. खजिन्याची किल्ली त्यांना परत द्या असं मी म्हणत नाही. ती मागायला ते येणारही नाहीत. पण किल्ली आमची आहे, मेज प्रभूचं आहे.

चिटणीस मात्र बराच वेळ बोलले. वाईट माणूस नाही. ही अफरातफर झाली तेव्हा लोकांची बोलणी त्यांनी खाल्ली होती, रात्ररात्र बसून हिशोब त्यांनी जुळवला होता. एकही उपासना न चुकवणारा माणूस. ते म्हणाले, “आम्ही इतकी वर्षं नेमाने आलो, एक पै इकडची तिकडे केली नाही. आमच्यासाठी कधी ठराव झाला नाही.” खोलीत कुणी हसलं नाही, हे बरं झालं. कारण ते बोलणं खरं होतं आणि दुखऱ्या जागेवरून आलं होतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात, उधळ्या मुलाच्या दाखल्यात, परत येणाऱ्या धाकट्या मुलाला बाप दुरून पाहतो आणि धावत जातो, एवढं आपण रंगवून सांगतो. त्याच संध्याकाळी बाप आणखी एकदा घराबाहेर येतो हे राहून जातं. थोरला अंगणात रुसून उभा आहे, आत यायला तयार नाही. बाप पंगत सोडून त्याच्याकडे जातो आणि त्याची विनवणी करतो. त्याला धाक घालून आत आणत नाही. मी चिटणिसांना एवढंच म्हटलं की ठराव तुमच्यासाठी झाला नाही हे खरं, पण तुम्हीही बाहेर उभे राहू नका. त्यांनी चष्मा काढून पुसला. मत द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही. ठराव बहुमताने झाला, आणि इतिवृत्तात तो त्यांनीच लिहिला, त्याच ठसठशीत अक्षरात.

पत्र घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. खाली सही कुणाची आहे ते निरखून पाहिलं. पत्र पावत्यांच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, बघू. अजून ते उपासनेला आलेले नाहीत.

लोक विचारतात, मग काय उपयोग झाला? मला या प्रश्नाची चीड येते. मेंढपाळ हरवलेलं सापडेपर्यंत शोधतो, असं लूक लिहितो. त्याला वार्षिक सभेची मुदत घातलेली नाही. पण एक गोष्ट मला खरोखर सुटत नाही. देव त्या घरात आमच्याआधी होता, आमच्याशिवाय होता. मग माझं जाणं कशाला? यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात देव म्हणतो, मी स्वतः माझ्या मेंढरांचा शोध करीन. मेंढरांसाठी यापेक्षा गोड वचन नाही. पण ते म्हणण्याची वेळ आली ती मेंढपाळ गेले नाहीत म्हणून, आणि तो अख्खा अध्याय त्यांच्यावरच्या आरोपांनी सुरू होतो. मी मेंढपाळाच्या जागेवर बसून पगार घेतो. ते वचन मी कुठल्या बाजूने वाचायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

त्याच वह्यांमध्ये ‘पुढील निर्णयापर्यंत’ असे शब्द असलेल्या आणखी नोंदी निघाल्या आहेत. एकजण वारले, त्यांच्या मुलाला मी पत्र लिहिलं. एकांचा पत्ता मिळालाय, या आठवड्यात जाणार आहे. एका बाईंचं फक्त लग्नाआधीचं नाव नोंदलेलं आहे, त्या कुठे गेल्या कुणालाच सांगता येत नाही. विवाहाचं रजिस्टर बघायला घेतलं आहे.