विहिरीची ओळ

25 जुलै 2024, गुरुवार. पुण्यात एकतानगरीच्या सोसायट्यांत पहाटेच पाणी शिरलं होतं, खडकवासल्यातून विसर्ग सुरू होता आणि मुंबईतही पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. उद्याचं पहिलं पान पुराचं, हे दुपारी ऑफिसात पाऊल टाकण्याआधीच मला ठाऊक होतं. पण त्याहून आधी, सकाळीच, वसईच्या आमच्या वार्ताहराचा मेसेज येऊन पडला होता : ‘ताई, फादर गेले.’

नाव-आडनाव काही नाही. वसईत फादर कितीतरी आहेत. तरी मला कोण हे विचारावं लागलं नाही.

मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी गेली अनेक वर्षं उपसंपादक आहे. माणूस गेल्याची बातमी लावणं हे रोजचंच काम. त्या दिवशी मात्र एका शब्दावरून आमचं जे अडलं, तसं पूर्वी कधी अडलं नव्हतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नावाची फाइल तयार होती, 2019 मध्ये संमेलनाध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा केलेली. जन्म 4 डिसेंबर 1942, नंदाखाल. 1972 मध्ये धर्मगुरूपदाची दीक्षा. 1983 ते 2007 ‘सुवार्ता’ मासिकाचं संपादन. ‘सुबोध बायबल’ हे बायबलचं मराठी भाषांतर. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठीची हरित वसई संरक्षण समिती. एका कॉपीत वय 82 आलं होतं, ते मी 81 केलं. डिसेंबर अजून लांब होता.

वृत्तसंपादक म्हणाले, “खाली दोन कॉलम देतो. शीर्षकात एकच ओळख घ्या. ज्येष्ठ साहित्यिक.”

बाजूचा मुलगा म्हणाला, “सर, पर्यावरणवादी जास्त बरोबर नाही का?”

मी म्हटलं, “आंदोलक लिहू या.”

“धर्मगुरू गेल्याच्या बातमीत आंदोलक? वाचणाऱ्याला खटकेल. चर्चचा माणूस राजकारणात कशाला, असं म्हणतील.”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, लोक तसं म्हणतातच. पण मला त्याच क्षणी जानेवारी 2020 आठवला. तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव. 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, संत गोरोबाकाकांच्या नावाची नगरी, आणि मांडवाभोवती पोलीस. ख्रिस्ती धर्मगुरू संमेलनाचा अध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेवढ्यावरून धमक्यांचे फोन आले होते. फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते, व्हीलचेअरवरून आले. त्यांनी सौम्य, साहित्यिक भाषण करून वेळ मारून नेली असती तर कोणी दोष दिला नसता. ते अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलले, देशात चाललेल्या दडपशाहीवर बोलले. पत्रकार कक्षातल्या आम्हा सगळ्यांची पेनं एकदम चालू लागली होती.

हे मी सरांना सांगितलं. आणखीही सांगितलं. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेनुसार धर्मगुरूला सत्तेचं पद घेता येत नाही. राजकीय पक्षातही सक्रिय राहता येत नाही, त्याला अपवाद फारच थोडे. पण लोकांचं पाणी चाललंय, जमीन चाललीय, गुंडगिरीने माणसं गप्प झालीत, तेव्हा बोलू नये असं त्या संहितेत कुठेही नाही. फादर दीक्षा घेऊन बाहेर पडले तेव्हा चर्चमध्ये मोठे बदल घडवणारी दुसरी व्हॅटिकन परिषद संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. लॅटिनमधली उपासना लोकांच्या भाषेत आली होती, आणि चर्चने गरिबाच्या दुःखाकडे पाठ फिरवायची नाही, हे त्या पिढीच्या धर्मगुरूंच्या शिक्षणातच होतं. माझ्या मते हा माणूस धर्मकार्यातून वेळ काढून आंदोलन करत नव्हता. त्याला दोन्ही एकच होतं.

“हे सगळं शीर्षकात बसवा,” असं म्हणून सर पुराच्या पानाकडे वळले. वेळच तशी होती.

संध्याकाळी नंदाखालच्या चर्चमध्ये अंत्यविधी होता. साडेआठच्या सुमाराला डेस्कचा फोन वाजला. वार्ताहर असेल म्हणून मी उचलला, तर एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज. दफनावरून परतल्या होत्या, छत्री कुठे टेकवावी हे मागे कोणाला तरी सांगत होत्या.

“पेपरवाले ना? फादरांचं लिहिताय ना उद्या?”

“हो, आजी.”

“मग लिही बाय, आमच्या विहिरीला अजून गोडं पाणी आहे.”

मी पेन घेतलं. आजी सांगत गेल्या. पूर्वी रहाटावर बागायत, केळी, पानाचे मळे. मग टँकर यायला लागले. पंप लावून रात्रभर उपसा चाले, पाणी इमारतींना जाई. किनाऱ्याच्या गावाला गोडं पाणी म्हणजे खाऱ्यावर तरंगणारी साय. साय खरवडली की खालचं खारं वर येतं. शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, डाळ शिजेना. “मग आम्ही बाया टँकरपुढे बसलो.”

मी विचारलं, “फादरांनी सांगितलं म्हणून?”

आजी क्षणभर थांबल्या. “नाही गं. पाणी खारं झालं म्हणून बसलो. ते आमच्याबरोबर होते म्हणून भीती वाटली नाही.”

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य कागदावर पुन्हा एकदा नीट लिहून काढलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शासनाने वसईच्या हरित पट्ट्यात बांधकामाला वाट मोकळी केली आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली, हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. डाळ शिजेना, हे मात्र कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी उभ्या उभ्या वाचला. “बाईंचं नाव?”

“देऊ नका म्हणाल्या.”

“पुराने जागा खाल्लीय. सात ओळींची चौकट देतो, जास्त नाही. आणि शीर्षक?”

साहित्यिक, पर्यावरणवादी, आंदोलक – तिन्ही खोडून मी लिहिलं : ‘वसईच्या पाण्यासाठी उभे राहिलेले फादर दिब्रिटो यांचे निधन’. दोन कॉलमांत ते तीन ओळींचं झालं. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पान लावणाऱ्याला म्हणाले, “टाइप अर्धा पॉइंट कमी कर, बसेल.”

बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सुटली. शहर आवृत्तीच्या वेळी पुण्याचे आकडे वाढले, फोटो मोठा झाला, चौकट सातावरून चार ओळींवर आली. पुरस्कार गेले, पुस्तकांची यादी गेली. मी ‘सुवार्ता’च्या संपादनाची ओळ खाली ठेवली आणि विहिरीची वर घेतली. अकरा चाळीसला पान सुटलं. खाली उतरले तेव्हा पावसात गठ्ठ्यांवर प्लास्टिक टाकून पहिली गाडी विरारच्या दिशेने भरत होती.