बुश मिरी, सांगली : शेंड्याला अखेर हिरवे पान

मागील नोंदीत पन्नियूर-१ या मिरीच्या वाणाच्या ज्या बुश मिरीची (कुंडीत झुडपासारखी वाढवलेल्या मिरीची) लोह कमी पडल्याने पांढरट पडलेली कोवळी पाने दाखवली होती, तिला या आठवड्यात शिरांसह गडद हिरवे पान फुटले. जुन्या पानांचा रंग परतलेला नाही आणि तो परतेल अशी अपेक्षाही नाही; लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात सरकत नसल्यामुळे उपाय लागू पडला की नाही हे शेंडाच सांगतो. याच कारणासाठी, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्या हा मला मिळालेला सल्ला पटला नव्हता. मॅग्नेशियम कमी पडले तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आधी दिसतो, आणि येथे तर खालची पाने तुकतुकीत असताना वरचीच फिकी पडत होती.

कोड्यात टाकणारी बाब मातीची होती. कुंडीतील मिश्रणात रत्नागिरीकडून आणलेली जांभ्याची माती निम्म्याहून अधिक आहे, आणि तिचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळेच असतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस मातीतील चुना धुऊन नेतो, माती आम्लधर्मी राहते आणि मिरीला लोह मिळते. सांगलीत तीच माती, तेच रोप, वरून शेडनेट आणि दुपारची पाण्याची फवारणी असूनही वेल लोहासाठी उपाशी राहिली.

हिराकस (लोहाचे सल्फेट) दिल्यावर शेंडा जरासा सावरत असे आणि पुन्हा पिवळा पडत असे. कुंडीच्या काठावर मात्र गंजाचे डाग वाढत गेले, म्हणजे दिलेले लोह मुळांपर्यंत जाण्याआधीच न विरघळणाऱ्या रूपात बसत होते. त्यानंतर आणलेल्या चिलेटेड लोहाच्या (चिलेट म्हणजे लोहाला धरून ते विरघळलेले ठेवणारे संयुग) पाकिटावर दुकानदाराने ठळक अक्षरांत टक्केवारी दाखवली, परंतु चिलेट कोणते हे बारीक अक्षरांत होते : ईडीटीए. हे चिलेट फवारणीसाठी ठीक आहे, मात्र मातीचा पीएच (आम्लतेचे माप; सातच्या खाली आम्लधर्मी) साडेसहाच्या वर गेला की ते लोह सोडून कॅल्शियम धरू लागते, आणि आपल्या भागातील चुनखडीच्या जमिनीसाठी ते सर्रास विकले जाते याचे मला आश्चर्य वाटते. अशा मातीत ईडीडीएचए हे दुसरे चिलेटच टिकते. ते बरेच महाग आहे. परंतु त्याची लालसर भुकटी चिमूटभर टाकली तरी बादलीभर पाणी रंगते, म्हणून लहान कुंड्यांच्या हिशेबात ते परवडते. ते मातीतच द्यावे आणि शक्यतो संध्याकाळी, कारण उन्हात ते विघटित होते.

तरीही खरा उलगडा चिलेटमुळे झाला नाही. एकाच वेळी लावलेल्या फांद्यांपैकी एक कुंडी गच्चीच्या उघड्या कोपऱ्यात होती. जुलैचा पाऊस सुरू झाल्यावर तिला वेगळे काहीही न देता तिचा शेंडा हिरवा होऊ लागला, तर छपराखालच्या, बोअरचे पाणी पिणाऱ्या कुंड्यांचा रंग तसाच राहिला. छपराखालच्या एका कुंडीतील चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकले, तेव्हा ती फसफसली, म्हणजे तिच्यात चुना होता. मूळ पोत्यातील जांभ्याची माती मात्र शांत राहिली. चुना मातीतून नव्हे, पाण्यातून आला होता.

बोअरचे पाणी तपासून घेतले तेव्हा बायकार्बोनेट (पाण्यात विरघळलेला, आम्ल मारणारा घटक) लिटरला ३६६ मिलिग्रॅम निघाले. आपण सगळे टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि पीएच पाहतो, परंतु मातीचा पीएच हळूहळू वर ढकलतो तो हा बायकार्बोनेट. दोन पाण्यांचा पीएच सारखा असूनही एक कुंडी बिघडवते आणि दुसरे बिघडवत नाही, ते यामुळे. (मातीत खुपसायच्या दोन दांड्यांच्या स्वस्त मीटरवर कुणी विसंबू नये. पेनसारखा पीएच मीटर चालतो, परंतु त्याला ४ आणि ७ च्या आसपासच्या बफरने वरचेवर जुळवून घ्यावे लागते.)

तात्पुरता इलाज म्हणून किराणा दुकानातील लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) वापरत आहे. या पाण्याला लिटरमागे सुमारे अर्धा ग्रॅम पुरते, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला एक सपाट चहाचा चमचा. बारीक बुडबुडे येतात आणि पीएच सहाच्या जवळ उतरतो. आधी ईडीडीएचए आणि मग हे पाणी, या दोहोंनी मिळून ते हिरवे पान आणले, असे मी मानतो. अडचण अशी की मातीतील जिवाणू सायट्रेट खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट काही अंशी परत येतो. फॉस्फरिक ॲसिडचा परिणाम टिकतो; पुढे तेच आणायचे, असे ही नोंद लिहायला बसलो तेव्हा ठरले होते.

परंतु लिहिता लिहिता हिशेब मांडला आणि बेत बदलला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. जिन्यावरच्या पत्र्याचे क्षेत्र सुमारे दहा चौरस मीटर आहे, म्हणजे परतीच्या पावसाच्या एका चाळीस मिलिमीटरच्या सरीत दोनशे लिटरची दोन पिंपे भरतील. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत दिवसाला तीन लिटर धरले तर मिरी आणि 'कोकण अमृता' कोकमाचे कलम या पाण्यावर निघतील. जास्वंद, कढीपत्ता आणि अळू बोअरच्या पाण्यावर तक्रार करीत नाहीत, त्यांना तेच राहील. मग ॲसिड हाताळण्याची जोखीम कशाला? पिंपे काळी घ्यावीत, म्हणजे शेवाळ धरत नाही. तोंडाला डासांसाठी जाळी, आणि पत्र्यावरचे पहिले मळके पाणी बाहेर सोडण्यासाठी पाइपला एक टी (तीन तोंडांचा जोड) लागेल.

छपराखालची एक कुंडी मुद्दाम लिंबूसत्त्वाच्या पाण्यावरच ठेवणार आहे, म्हणजे उन्हाळ्यात तुलना करता येईल. दरम्यान, उघड्या कोपऱ्यातील झाडाला तुरे आले आहेत आणि त्यांतील दोहोंवर दाणे भरत आहेत. सांगलीच्या गच्चीवर मिरीचा घोस पाहण्याचे सुख काही वेगळेच आहे, म्हणून तो रोज दोनदा पाहून येतो. पन्नियूर-१ ला दाट सावली मानवत नाही, त्यामुळे पावसाळा असेपर्यंत छपराखालची दुसरी कुंडीही त्याच कोपऱ्यात हलवीत आहे.