खांदा जाम नव्हताच

कळमन्याच्या बाजारात हमाली करणारा माणूस, वय चाळिशीच्या आसपास. चिठ्ठीवर ‘फ्रोझन शोल्डर, शेक आणि व्यायाम’. खांदा दुखला की हेच लिहायचं, असा आता रिवाजच पडलाय.

"दोन जागी शेक घेतला म्याडम, पण हात काही वर होत नाही नं."

मी त्याचा हात सैल सोडायला लावून स्वतः उचलला, तर थेट कानापर्यंत गेला. बाहेरच्या बाजूलाही पूर्ण वळला. जाम झालेला खांदा दुसऱ्यानं उचलला तरी अडतो आणि बाहेर वळणं तर आधीच जातं. म्हणजे चिठ्ठीतलं निदान तिथंच बाद. स्वतःहून बाजूनं उचलायला सांगितलं, तर ९० अंशांच्या आतच थांबला.

"बनियन काढा भाऊ."

तो माझ्याकडे बघतच राहिला. एवढ्या फेऱ्यांत कुणी काढायला लावलंच नव्हतं! मागून पाहिलं. उजवा खांदा उतरलेला, मानेकडून खांद्याकडे येणारा मांसल भाग आटलेला, खांद्याचं पातं मणक्यापासून बाहेर सरकलेलं.

ओझी वाहणाऱ्यात पहिला संशय लाँग थोरॅसिक नसेवर जातो. मानेतल्या सी ५, ६, ७ या नसांच्या मुळांतून निघते, पातं बरगड्यांशी धरून ठेवणाऱ्या सेरेटस अँटिरियर स्नायूला जाते. दोन्ही तळवे भिंतीला लावून ढकलायला लावलं. ती नस गेली असती तर पात्याची आतली कड ठळक उभी राहिली असती. तसं झालं नाही. मग कोपर अंगाला चिकटवून हात माझ्या हाताविरुद्ध बाहेर ढकलायला सांगितला. लगेच कड पाठीवरून सुटली. म्हणजे दोष ट्रॅपिझियसमध्ये, मानेकडून खांद्याकडे येणाऱ्या त्या आटलेल्या स्नायूत. त्याची नस ब्रेकियल प्लेक्ससमधली, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्यातली नाहीच, ती कवटीतून बाहेर पडणारी अकरावी क्रेनियल नस, स्पायनल ॲक्सेसरी. हाताच्या नसांचा तक्ता सी ५ पासून घोकणाऱ्यांच्या नजरेतून ही हमखास निसटते.

मान बघितली. स्टर्नोमॅस्टॉइडच्या, म्हणजे मान वळवणाऱ्या बाजूच्या स्नायूच्या मागे बोटाच्या पेराएवढा व्रण.

"गाठीचा तुकडा काढला होता. टीबी निघाली. ६ महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाली. हात तवापासूनच असा आहे."

ॲक्सेसरी नस तिथं त्वचेपासून फार खोल नसते आणि गाठी तिला खेटून असतात.

जुन्या कागदावर ‘खांदे उडवता येतात, नॉर्मल’ असा शेरा होता. यानं माझं डोकं फिरलं. ट्रॅपिझियस गेला तरी खांदा लेव्हेटर स्कॅप्युली हा मानेतला दुसरा स्नायूही उचलतो. त्याला सी ३, सी ४ आणि डॉर्सल स्कॅप्युलर नस पुरवते. मान वळवण्यातही जोर होता, कारण स्टर्नोमॅस्टॉइडची शाखा वरच सुटते.

ईएमजीत, म्हणजे स्नायूतली विद्युत हालचाल मोजणाऱ्या तपासणीत, ट्रॅपिझियस जवळपास गप्प निघाला. नस वाढते दिवसाला साधारण १ मिमी. जोडायची तर पहिल्या काही महिन्यांत. वर्ष उलटलं की स्नायू फारसा हाती लागत नाही. याचे महिने शेकण्यात गेले. आता सर्जननं पाहायचं. जोडणं जमलं नाही, तर लेव्हेटर आणि ऱ्हॉम्बॉइड हे पात्याचे स्नायू सरकवून पातं सांभाळायची शस्त्रक्रिया असते.

रिपोर्टमध्ये मी ‘बायोप्सीच्या व्रणाजवळ नसेची इजा’ लिहिलं. एक वरिष्ठ म्हणाले, "नस कमजोर एवढंच लिहा, कशाला झंझट?" मी खोडलं नाही. अशी इजा ही त्या शस्त्रक्रियेतली माहीत असलेली जोखीम आहे, तिला गुन्हा म्हणत नाही मी. पण नंतर कुणी पाठ बघू नये?

तो मात्र विचारत होता, "पोते उचलूनच झालं नं हे?" मी नाही म्हटलं आणि व्रणावर बोट ठेवलं. त्याचा पुढचा प्रश्न सर्जरीच्या खर्चाचा होता.